पोटावारी फ्रान्स

ताई,
मी २६ वर्षांची, दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराची मुलगी. इंजिनिअर आहे, पुण्यातली नोकरी नुकतीच सोडली. फ्रेंच बी-वनपर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, शिकले आहे. मे, जून, जुलै असे तीन महिने फ्रान्सच्या खेड्यात राहायचंय. हॉटेलात राहायचं नाहीये, तिथल्या माणसांत राहायचंय. एका संकेतस्थळावर दोर्दोन्य भागातलं एक इंग्रज जोडपं सापडलं. त्यांच्याकडे सुट्टीवाल्यांना भाड्याने द्यायची पाच छोटी घरं आहेत, म्हणजे तिकडे ज्याला जीत म्हणतात ती. शिवाय पोहायचा तलाव आणि भाजीचे वाफे. काम दिवसाला पाच तास, आठवड्यातले सहा दिवस. बदल्यात कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या छोट्या घरात, झोपायला जागा आणि तीन वेळचं जेवण. ते म्हणतात, व्हिसाच्या अर्जात फक्त पर्यटन लिही, आम्हाला मित्र म्हण, कामाचं नाव काढू नकोस, सगळे असंच करतात. तिकीट सोडून माझ्याकडे अडीच लाख रुपये आहेत. बाबा म्हणतात, “परक्याच्या घरची भांडीच घासायची होती तर इंजिनिअर कशाला केलं?” आई एवढंच विचारते, की तिथे काही झालं तर आम्ही फोन कोणाला करायचा. मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. जाऊ का? आणि अर्जात काय लिहू?
– दिंडोरीची

दिंडोरीकर मुली,

फ्रान्सला जा. या जोडप्याकडे जाऊ नकोस, आणि त्यांनी शिकवलेल्या रीतीने तर अजिबात नको.

बाबांच्या भांड्यांपासून सुरू करते, कारण त्यांचं चुकतंय आणि तरीही ते खऱ्या गोष्टीच्या जवळ आहेत. परक्याच्या घरी हाताने काम करण्यात कमीपणा काही नाही. पण तुमच्या बागेत हंगामाला पेठ-सुरगाण्याकडून माणसं येतात ना? बागेच्या कडेला खोप्या करून राहतात, छाटणीला, विरळणीला, काढणीला. बाबा त्यांना राहायला जागा देतात, किराणाही भरून देत असतील. म्हणून कधी “जागा दिली, धान्य दिलं, आता मजुरी कसली?” म्हणालेत का? म्हणाले असते तर दुसऱ्या दिवशी बागेत माणूस दिसला नसता. हे जोडपं तुला नेमकं हेच म्हणतंय. फक्त गोड इंग्रजीत, आणि तलावाचा फोटो जोडून.

हिशोबच करू. पाच तास, सहा दिवस म्हणजे आठवड्याचे ३० तास. तेरा आठवड्यांचे ३९०. फ्रान्समधलं किमान वेतन, ज्याला तिथे ‘स्मिक’ म्हणतात, ते करापूर्वी तासाला सुमारे १२ युरो आहे. म्हणजे ४,६०० युरोंच्या वर. तुझ्याकडे आहेत त्याच्या जवळजवळ दुप्पट पैशांची मेहनत तू त्यांना देणार आणि मिळणार कॅरॅव्हॅनमधला पलंग. एखाद्या स्थानिक बाईला त्यांनी रीतसर कामावर ठेवलं असतं तर पगाराच्या वर सामाजिक विम्याचा हप्ताही भरावा लागला असता. तो तुझ्यामुळे वाचतो तो वेगळाच.

शिवाय हे काम काय असतं ते नीट बघ. दोर्दोन्यमधली जीत बहुतेक शनिवार ते शनिवार भाड्याने जातात. सकाळी दहाच्या सुमारास जुने पाहुणे निघतात, दुपारी चारच्या सुमारास नवे येतात. मधल्या सहा तासांत पाच घरांच्या चादरी, पाच न्हाणीघरं, पाच ओव्हन, आणि कोणीतरी सोफ्याखाली सोडून गेलेला बार्बेक्यूचा चिमटा. म्हणजे जूनपासून दर शनिवार तुझा गेला. आणि त्या भागातल्या कितीतरी गावांचा आठवडी बाजार शनिवारी सकाळीच भरतो! राहता राहिलं फ्रेंच. यजमान इंग्रज, पाहुणे इंग्रज आणि डच. दोर्दोन्यमध्ये इंग्रजांची वस्ती इतकी आहे की काही गावांतल्या चहाच्या दुकानात तुला फ्रेंचची गरजच पडणार नाही. तीन महिन्यांनी तुझं फ्रेंच होतं तिथेच असेल आणि इंग्रजी मात्र झकास झालेली असेल.

आता कायदा. सगळे असंच करतात, हे त्यांचं वाक्य अर्धं खरं आहे. पुष्कळजण करतात. फ्रेंच कायद्याच्या नजरेत नोकरी कशी ठरते, तर कोणी काम करतं, त्याचा मोबदला मिळतो आणि काम सांगणाऱ्याच्या हुकमात राहावं लागतं, म्हणजे वेळ तो ठरवतो, काम तो वाटतो, चुकलं तर तोच बोलतो. मोबदला रोखच असला पाहिजे असं नाही. राहणं आणि जेवण हाही तिथे वस्तुरूपातला पगारच धरला जातो. नफ्यासाठी चालवलेल्या धंद्यात ‘स्वयंसेवक’ ही सोय नाही, ती संस्थांसाठी आहे. म्हणून पाच घरं भाड्याने देणाऱ्याकडे वेळापत्रकानुसार चादरी बदलणारी मुलगी ही कामगार तपासनिसाच्या लेखी कामगारच. करार नाही, नोंदणी नाही, म्हणजे छुपी नोकरी. त्यासाठी मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ४५,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. द्राक्षवाल्यांची मुलगी म्हणून हेही सांगते: तिथे काढणीच्या दिवसांत मित्रमंडळींना बोलावून फुकट द्राक्षं तोडून घेतली तरी मालक अडचणीत येतो. घरच्या माणसांनी हात लावला तर डोळेझाक होते, बाकी प्रत्येक तोडणाऱ्याची रीतसर नोंद करावी लागते.

दंड मालकाला होईल, मला काय, असं वाटेल. तुझ्या बाजूने तो कागद असा दिसतो: तुझ्या पासपोर्टवर शेंगेनचा, म्हणजे फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा, पर्यटन व्हिसा, त्यावर काम करायची मुभा नाही, आणि अर्जात तू सही करून लिहिलेलं कारण खोटं. जुलैच्या मध्यावर त्यांनी पाचाचे आठ तास केले, किंवा त्यांच्या एखाद्या मित्राने रात्री कॅरॅव्हॅनचं दार ठोठावलं, तर तू पोलिसांकडे जाशील? कायद्याने तुला जाता येतं. कागदपत्रं नसलेल्या कामगारालाही केलेल्या कामाची मजुरी मागायचा हक्क फ्रेंच कायदा देतो. पण तू जाणार नाहीस, कारण पहिला प्रश्न तुझ्याच खोट्यावर येईल असं तुला वाटेल. हे त्या यजमानालाही ठाऊक असतं. ते वाईटच असतील असं मी म्हणत नाही, बहुधा बरे असतील. पण त्यांनी चांगलं वागावं यासाठी त्यांच्या मर्जीखेरीज तुझ्या हातात काहीच उरत नाही.

हे टोकाला कुठवर जातं त्याची ताजी नोंद आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शॅम्पेनच्या मार्न जिल्ह्यात पन्नासहून जास्त द्राक्षतोडे घाणेरड्या, राहण्यालायक नसलेल्या जागेत कोंबलेले सापडले. बहुतेक पश्चिम आफ्रिकेतले, पुष्कळांकडे कागद नव्हते. जुलै २०२५ मध्ये शालों-आं-शॅम्पेनच्या न्यायालयाने त्यांना आणणाऱ्या तिघांना मानवी तस्करीबद्दल दोषी ठरवलं. तुझं जोडपं आणि ही टोळी एका पंगतीत बसवण्यासारखी नाहीत, हे कळतं मला. तरी कागदावर नसलेला माणूस कोणाच्या हाती लागतो हे नशिबावर असतं, ते यात दिसतं.

बरं, खोटं लिहायचंच ठरवलंस तरी अर्ज टिकणार नाही. मे, जून, जुलै मिळून ९२ दिवस होतात. शेंगेनमध्ये कोणत्याही १८० दिवसांत ९० च दिवस राहता येतं. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन येण्याजाण्याची नोंद संगणकात ठेवायला सुरुवात झाली आहे, तेव्हा दोन दिवस इकडेतिकडे चालतात हा जुना भरवसा विसर. मग पैसे. हॉटेलचं आरक्षण दाखवलं तर फ्रान्स दिवसाला ६५ युरो मागतो, आरक्षण नसेल तर १२०. कोणाच्या घरी उतरणार असशील तर ३२.५०, पण त्यासाठी यजमानाने आपल्या गावच्या मेरीत, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीत, जाऊन पाहुण्याच्या जबाबदारीचा दाखला काढावा लागतो. त्यात तो सरकारला लिहून देतो की ही माझी पाहुणी आहे. ३२.५० ने ९० दिवसांचे २,९२५ युरो होतात. युरो शंभर रुपयांच्या थोडा वर धरला तर तुझ्या अडीच लाखांत तेवढेही बसत नाहीत. ज्या बाईला तीन महिने पुरतील एवढे पैसे नाहीत, नोकरी नुकतीच सोडलेली आहे आणि ‘मित्र’ कधी भेटलेले नाहीत, तिच्या अर्जाचं काय होईल? मी त्या खुर्चीत असते तरी नाकारला असता. आणि एकदा नकार आला की त्याची नोंद राहते, पुढचा अर्ज तपासणाऱ्याला ती दिसते.

एवढं झोडपल्यावर सांगते, की तुला जे हवंय त्याची ओढ मला पूर्ण कळते. श्रमाच्या बदल्यात मुक्काम ही कल्पना मुळात फार चांगली आहे. १९७१ मध्ये सू कॉपर्ड नावाच्या लंडनमधल्या एका सेक्रेटरी बाईने ससेक्समधल्या एका शेतावर शनिवार-रविवार काम करायला काही शहरी माणसं नेली. त्यातून ‘वुफ’ उभं राहिलं. सेंद्रिय शेतकऱ्याच्या घरी राहायचं, त्याच्या ताटात जेवायचं, त्याच्याबरोबर काम करायचं आणि शिकायचं, पैशांची देवघेव नाही. फ्रान्समध्ये त्याची स्वतंत्र संघटना आहे आणि तिची भूमिका अशी की वुफर हा मजूर नव्हे, त्याच्यावर शेत चालता कामा नये. मला ही कसोटी आवडते. तू नसतीस तर ते काम कोणी केलं असतं? शेतकऱ्याने स्वतःच, थोडं उशिरा केलं असतं, तर तू पाहुणी. कोणाला तरी पगार देऊन करून घ्यावं लागलं असतं, तर तू फुकटची नोकर. पाच घरांच्या चादरी दुसऱ्या खान्यात पडतात, याबद्दल वाद नको.

तरीही वुफिंगला फ्रेंच कायद्यात स्वतःचं असं कलम नाही. तपासणी झालीच तर प्रत्यक्षात काय चाललं होतं ते बघतात. युरोपीय पासपोर्ट असणारी मुलं तो धोका पेलू शकतात, कारण फार तर मालकाला दंड होईल, त्यांचं तिथलं राहणं जात नाही. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान अशा देशांतल्या तरुणांना फ्रान्स ‘सुट्टी आणि काम’ असा वर्षभराचा व्हिसा देतो. भारताशी तसा करार नाही. तुझ्या वाचनात आलेले खुशीचे प्रवासअनुभव बहुतेक या दोन प्रकारच्या लोकांचे असतात. त्यांची वाट आपल्या पासपोर्टला नाही. चीड येते, पण तसं आहे.

मग तुझ्यासाठी काय? मी तीन महिन्यांचा हट्ट सोडून चार आठवड्यांचा बेत करीन. २८ दिवसांचे ६५ युरोंप्रमाणे १,८२० होतात, ते तुझ्याकडे आहेत. अर्जात पर्यटन लिहायचं आणि पर्यटनच करायचं, पण शेतावर. ‘आक्योय पेझां’ नावाचं शेतकऱ्यांचं जाळं १९८७ पासून आहे. त्यातली कुटुंबं पैसे घेऊन पाहुणे ठेवतात आणि आपलं काम दाखवतात. कृषी मंडळांचं ‘बियांव्न्यू आ ला फेर्म’ हे दुसरं, जरा जास्त नीटनेटकं. कुठे खोली मिळते, कुठे शेतात तंबू ठोकायची जागा, रात्रीचं जेवण घरच्यांबरोबर एकाच टेबलावर. तू पैसे देणारी पाहुणी, म्हणजे कोणी तुला सहा वाजता उठवणार नाही, पण “सकाळी दोहायला येऊ का?” विचारलंस तर बहुतेकजण हो म्हणतात. मी कैक वर्षं ल्योंमध्ये राहिले, तिथून आर्देशमधल्या एका शेळीवाल्यांकडे अशीच जात असे. सकाळच्या धारा, मग दूध विरजून चोवीसेक तास ठेवायचं, दही भोकांच्या साच्यांत डावाने भरायचं, मीठ लावायचं, उलटायचं, वाळवायचं. पिकोदों नावाचं पेल्याच्या बुडाएवढं चीज तयार होतं ते असं. साचे भरताना त्या घरच्या आजीने मला जेवढं फ्रेंच शिकवलं तेवढं कुठल्या वर्गात मिळालं नाही, त्यात शिव्याही आल्या.

दोर्दोन्यच्या मागे लागू नकोस. द्रोम, आर्देश, सेवेनचे डोंगर, वर क्रूझ, हे जरा गरीब, जरा ओसाड भाग आहेत. दोर्दोन्यइतके इंग्रज तिथे नाहीत आणि बोलायला वेळ असलेली माणसं जास्त. द्रोममधलं ‘दी’ हे गाव बघ, सेंद्रिय शेतीचा तो बालेकिल्ला आहे आणि व्हालांसहून तिथे रेल्वे जाते. द्राक्षंही आहेत. तुला गंमत वाटेल, तिथे आपल्यासारख्या खरड आणि गोड अशा दोन छाटण्या नसतात. थंडीत वेल झोपतो म्हणून हिवाळ्यात एकदाच छाटतात, आणि मेमध्ये फेलफुटी काढायचं काम चालतं. त्या शेतकऱ्याला सांग, की आमच्याकडे वेल वर्षभर झोपतच नाही, आम्ही छाटून त्याला हंगाम शिकवतो. संध्याकाळभर पुरेल एवढा विषय आहे तो.

आणि हाताने काम करायचंच असेल, खरोखर अंग मोडेपर्यंत, तर त्याचीही सरळ वाट आहे, ती ‘शांतिए’ची. जुन्या वास्तू दुरुस्त करणाऱ्या संस्था उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांची श्रमशिबिरं घेतात. ‘राम्पार’ ही त्यांची १९६६ पासूनची संघटना. ‘कॉन्कॉर्दिया’सारख्याही आहेत, त्या आंतरराष्ट्रीय गट नेतात. पडका किल्ला, चॅपेल, गावची जुनी धुण्याची जागा, डोंगरउतारावरच्या सुक्या दगडांच्या ताली. दिवसाला सहाएक तास चुन्याचं काम, तंबूत किंवा शाळेच्या खोलीत झोप, स्वयंपाक पाळीपाळीने. इथे उलट तूच पैसे द्यायचे, रोजचे साधारण दहा-पंधरा युरो आणि वर विम्याची वर्गणी. पण हे संस्थेचं, नफ्याशिवायचं काम आहे, म्हणून स्वयंसेवक हा शब्द इथे खरा ठरतो. ते निमंत्रणपत्र देतात, ते अर्जाला जोडायचं आणि कारण खरंखरं लिहायचं. बहुतेक शिबिरं जुलै-ऑगस्टमध्ये असतात, म्हणून बेत जूनच्या मध्यावर सुरू कर: आधी दोन आठवडे शेतांवर, मग शिबिर. तुझं शिक्षण आणि तुझं फ्रेंच बघता ते तुला आनंदाने घेतील.

जास्त काळ राहायचं असेल तर मुक्कामाच्या बदल्यात काम असा एक प्रकार फ्रान्स परक्यांना कायद्याने देतो, तो म्हणजे ओ-पेअर. १८ ते ३० वय, एका कुटुंबात राहणं, मुलं सांभाळणं आणि हलकं घरकाम, आठवड्याला जास्तीत जास्त २५ तास, महिन्याला किमान ३२० युरो हातखर्च, आणि त्यासाठी वेगळा दीर्घ मुदतीचा व्हिसा. कुटुंब खेड्यातलं असू शकतं. मुलांची आवड नसेल तर याच्या वाटेला जाऊ नकोस, तिथे बहुतेक प्राथमिक शाळांना बुधवारी सुट्टी असते, आणि बाहेर पाऊस असला की तुला पळायला जागा नसते. बघ, कायदा ओ-पेअरलाही २५ तासांच्या वर जाऊ देत नाही आणि वर पैसे द्यायला लावतो. तुझं जोडपं ३० तास मागतंय आणि देतंय शून्य. दुसरी गोष्ट, फ्रेंच सरकारी शाळांत इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या सहायकांची योजना. शाळेचे सात महिने, आठवड्याला १२ तास, पगार आठशे युरोंच्या आसपास. फ्रेंच शिकणाऱ्या भारतीय तरुणांना त्यात घेतात, नेमणूक कधी कधी अगदी आडगावात होते, आणि लोक त्याबद्दल रडतात. तू रडणार नाहीस. अटी दूतावासाच्या सांस्कृतिक विभागाकडून बघून घे. आणि पुढे कधी तिथे शिकायला गेलीस तर विद्यार्थ्याला वर्षाला ९६४ तास पगारी काम करता येतं, द्राक्षतोडणीसुद्धा. तेव्हा तोड हवी तेवढी, मजुरी घेऊन.

खेड्यातल्या राहण्याबद्दल थोडं. बस दिवसातून एक-दोन, रविवारी नाहीच, शाळेला सुट्टी लागली की आणखी कमी. म्हणून यजमानाला पहिला प्रश्न हा विचार, की जवळचं रेल्वे स्टेशन किती दूर आहे आणि मी तिथवर तुमच्या गाडीशिवाय कशी पोचेन. जिथून आपल्या पायांनी निघता येत नाही अशा घरी पहिल्या भेटीत राहू नये, मग ते कितीही सुंदर असो. रविवारी दुपारी आणि बऱ्याच ठिकाणी सोमवारीही दुकानं बंद. दुपारचं जेवण साडेबारा म्हणजे साडेबारा. जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो, तुझी झोप बिघडेल. संडास पुष्कळ शेतांवर कोरडा, भुशाचा असतो. तुला त्याचं काही वाटू नये, पण विचारून ठेव. गवतात फिरून आल्यावर अंगावर गोचिड्या बघायच्या, तिथल्या गोचिडीने लाइम नावाचा आजार होतो. धनुर्वाताचं इंजेक्शन इथून घेऊन जा.

शाकाहाराचं तू ‘मी व्हेजिटेरियन आहे’ एवढ्यावर सोडू नकोस. मासे नाही, कोंबडी नाही, आणि लार्दोंही नाहीत असं तीनदा सांग. लार्दों म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, ते सॅलडात, किशमध्ये, मसुरात कुठेही असतात आणि पुष्कळ भल्या आज्या त्यांना मांसात धरतच नाहीत. आणखी एक, बहुतेक पारंपरिक चीजमध्ये दूध घट्ट करायला घातलेलं, वासराच्या किंवा करडाच्या पोटातलं रेनेट असतं. ते चालतं की नाही हे इथूनच ठरवून जा, तिथे टेबलावर बसून चर्चा नको. एक दिवस तू पिठलं-भात कर. डाळीचं पीठ सेंद्रिय मालाच्या दुकानात मिळतं, मोहरी-हिंग तेवढं घेऊन जा.

आईचा प्रश्न या सगळ्यात सगळ्यात शहाणा आहे. तिला कागदावर लिहून दे: प्रत्येक मुक्कामाचं पूर्ण नाव, पत्ता, यजमानाचा स्थिर फोन, गावच्या मेरीचा फोन. तिथली मेरी छोटी असते आणि तिथे बसणाऱ्या बाईला गावातलं प्रत्येक घर माहीत असतं. तुझ्या फोनमध्ये ११२ आणि रुग्णवाहिकेचा १५. शेंगेनसाठी ३०,००० युरोंचा आरोग्य विमा लागतोच, पण त्याची बारीक अक्षरं वाच, कामाच्या वेळचा अपघात बहुधा त्यात धरलेला नसतो. कॅरॅव्हॅनवाल्यांकडे शिडीवरून पडली असतीस तर हॉस्पिटलचं बिल कोणी भरलं असतं, हे बाबांना विचारू नकोस, ते तुला खोलीत कोंडतील.

बाबांना हे पत्र हवं तर दाखव. त्यांना सांग, भांडी घासणार आहे, पण शिबिरात, पाळी आली की, जर्मन आणि कोरियन पोरांबरोबर. आणि बागेचे फोटो घेऊन जा, त्यांचे हात दिसतील असे.

त्या जोडप्याला दोन ओळी लिही: मला खऱ्या कारणाने अर्ज करायचा आहे, तुम्ही रीतसर करार आणि कामाची परवानगी काढणार असाल तर बोलू, नाहीतर आभार. ते परवानगी काढणार नाहीत, एका मदतनिसासाठी असे छोटे यजमान सहसा त्या फंदात पडत नाहीत. पण उत्तर काय देतात ते बघण्यासारखं असेल. शेंगेनचा अर्ज निघायच्या सहा महिने आधीपासून देता येतो, उन्हाळ्यात भेटीच्या तारखा लवकर भरतात. शिबिरांच्या याद्या वसंतात लागतात. आधी शिबिर पक्कं कर, मग शेतं, आणि तिकीट सगळ्यात शेवटी.

– ताई